वसईत घर घेताय? आधी जमीन बघा, मग फ्लॅट

वसईत घर बघायला येणारी मंडळी बहुतेक रविवारी दुपारी येतात. गाडीत बसायला जागा असते, नायगावच्या आधी खाडीवरचा वारा तोंडावर येतो, स्टेशनबाहेर एजंट गाडी घेऊन उभा असतो. तो आधी सुरुची बागेचा किनारा दाखवतो, मग किल्ला, मग पापडीच्या बाजूच्या केळीच्या वाड्या. फ्लॅट सगळ्यात शेवटी. संध्याकाळी चहा पिता पिता टोकन दिलं जातं.

मीही तसंच दिलं होतं. पुढे ते बुडालं. कसं ते कागदांच्या पायरीत सांगतो. नंतर दीड वर्ष भाड्याने राहिलो, मग घर घेतलं आणि अजून इथेच आहे. एजंट ज्या तीन गोष्टी दाखवत नाही त्या मला त्या दीड वर्षात दिसल्या: सोमवारी सकाळचे आठ, जुलै महिना आणि सातबारा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने वाचाव्यात. कितीही घाई असली तरी पाचवी गाळू नका.

पहिली पायरी: नेमकी कुठली वसई?

रेल्वेच्या पाटीवर ‘वसई रोड’ लिहिलंय आणि त्या ‘रोड’ला अर्थ आहे. स्टेशन एका जागी, मूळ गाव सहाएक किलोमीटर पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. जाहिरातीत दोन्हींना ‘वसई पश्चिम’च म्हणतात. म्हणून ‘वसई वेस्टला घेतोय’ एवढ्याने काहीच कळत नाही.

स्टेशनालगतचं माणिकपूर, नवघर, अंबाडी रोड म्हणजे उपनगरी वसई. चार ते सात मजली इमारती, खाली दुकानं, क्लासेस, दवाखाने. इथून स्टेशन चालत गाठता येतं, आणि नोकरी चर्चगेटकडे असेल तर त्या चालत जाण्याची किंमत फ्लॅटच्या दरात मोजावीच लागते. रुळांच्या पूर्वेला मोठ्या वसाहती, पुढे वालीव, सातिवली, गोखिवरेचे कारखाने आणि त्यापलीकडे अहमदाबाद महामार्ग. दर कमी, पाण्याच्या आणि रस्त्याच्या तक्रारी जास्त.

वसई गाव वेगळंच आहे. पारनाका, झेंडा बाजार, तहसील कचेरी, कोर्ट, किल्ला, पाचूबंदर आणि किल्लाबंदरचे कोळीवाडे. इथे अजून बाजारपेठेची वसई भेटते. आणि गावापासून उत्तरेला अर्नाळ्यापर्यंत पसरलेला वाड्यांचा पट्टा: सांडोर, रमेदी, गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, राजोडी. केळी, पानवेली, मोगरा, भाजी. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, आगरी अशी जुनी वस्ती. ज्यांना समुद्राकाठचं घर हवं असतं त्यांच्या डोळ्यांसमोर हीच वसई असते, आणि घर घ्यायला सगळ्यात अवघड हीच आहे.

माझं मत विचाराल तर रोज मुंबईला जाणाऱ्याने वाड्यांच्या पट्ट्यात पहिलं घर घेऊ नये. रिक्षाच्या रांगेतली चाळीस मिनिटं कोणत्याही मोगऱ्याने भरून निघत नाहीत.

दुसरी पायरी: एक पावसाळा भाड्याने

मे महिन्यात भाड्याने घर घ्या आणि ऑक्टोबरपर्यंत राहा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच करा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘हेवी डिपॉझिट, भाडं शून्य’ अशा व्यवहारात शिरू नका. मालकाने कर्जाचे हप्ते थकवले की बँक दार ठोठावते आणि तुमचे लाखो रुपये मालकाच्या मर्जीवर राहतात.

पावसाळाच का? १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं, भाईंदरच्या पुढे लोकल बंद पडली, वीज गेली, आणि मिठागरात राहणारी माणसं पाण्याने वेढली गेली. त्या वर्षी ज्यांनी उन्हाळ्यात घर बघून घेतलं होतं त्यांना आपलं घर कुठल्या उतारावर आहे ते तेव्हा कळलं. एवढा पाऊस दर वर्षी होत नाही, पण गुडघाभर पाणी कुठल्या गल्लीत दर वर्षी येतं हे त्या गल्लीतल्या वाण्याला तोंडपाठ असतं. त्याच्या दुकानातली सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. ती फळी बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा खरं बोलते.

तिसरी पायरी: सोमवारची गाडी

चर्चगेट ते वसई रोड साधारण ५२ किलोमीटर. फास्ट गाडीने सव्वा तास धरा. हा फक्त रुळांवरचा वेळ झाला. घर ते फलाट आणि चर्चगेट ते ऑफिस त्यात मिळवा आणि दोनाने गुणा. तो आकडा बायकोला किंवा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.

सकाळच्या गाड्या विरारहून सुटतात, नालासोपाऱ्याला भरतात आणि वसईला येईपर्यंत दारातसुद्धा पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून इथले जुने लोक ‘डाऊन’ करतात: वसईहून उलटं विरारला जायचं, तीच गाडी परतताना बसून यायचं. त्यासाठी पास वसईपर्यंतचा नको, विरारपर्यंतचा काढा. नवखे हे विसरतात आणि टीसीला सापडतात. काही गाड्या वसईहूनच सुटतात. त्यांच्या वेळा पाठ करा आणि शक्य असेल तर ऑफिसची वेळ त्यांच्याशी जुळवा. आणि बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नका. हा नियम कुठेच लिहिलेला नाही, पण शिकवणारे डब्यात भरपूर आहेत.

ज्यांचं काम ठाणे, भिवंडी किंवा पनवेलकडे आहे त्यांना वसई–दिवा मार्गाची मेमू उपयोगी पडते. वसई हे जंक्शन आहे याचा हा फायदा. फेऱ्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळापत्रक हातात घेऊनच विचार करा. स्वतःच्या गाडीने जायचं तर महामार्ग, खाडीवरचा वर्सोव्याचा पूल आणि घोडबंदर. त्या रस्त्यावर वेळेचा अंदाज मी देणार नाही, कोणीही देऊ नये. फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते, त्यावर दुचाकी-चारचाकीही चढते. शनिवार-रविवारी मजा येते. पण रोजच्या नोकरीचं गणित तिच्यावर बांधू नका.

एजंट ‘इथून सागरी सेतू जाणार’, ‘खाडीवर नवा पूल होणार’ असं म्हणेल. होईल तेव्हा होईल. आज जो पूल पायाखाली आहे त्याचेच पैसे द्यायचे.

चौथी पायरी: जमीन कुठली आहे ते ओळखा

वसईत एकाच दराच्या, एकाच रंगाच्या दोन इमारतींखाली अगदी वेगळ्या जमिनी असू शकतात. फ्लॅट बघण्याआधी जागेचा सर्व्हे नंबर मागा आणि खालची चौकशी करा.

आधी पाण्याची जमीन. वाड्यांच्या पट्ट्यात गावोगाव बावखलं होती, काही अजून आहेत. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, विहिरी गोड राहायच्या आणि उन्हाळ्यात रहाटाने किंवा पंपाने केळीला पाणी मिळायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना इथल्या विहिरी खाऱ्या झाल्या नाहीत त्यात या तळ्यांचा मोठा हात आहे. जमिनीला भाव आला तशी बावखलं मातीने भरली गेली आणि त्यावर बंगले, इमारती झाल्या. भरलेल्या तळ्याला आपण तळं होतो हे पावसाळ्यात आठवतं. आजूबाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा, ‘इथे पूर्वी काय होतं?’ उत्तरात बावखल, शेत, मिठागर यांपैकी कोणता शब्द येतो तेवढं ऐका. खाडीकडच्या बाजूला, नायगाव, उमेळे, जूचंद्रच्या अंगाला मिठागरांच्या सखल जमिनी आहेत. तिथे भरतीची वेळ आणि पाऊस एकत्र आले की पाण्याला जायला वाट उरत नाही.

मग हरित पट्टा. पश्चिमेच्या गावांत आज जी झाडी दिसते ती आपोआप राहिलेली नाही. १९९० च्या आसपास बांधकामाचा लोंढा आणि टँकरने उपसलं जाणारं विहिरींचं पाणी याविरुद्ध इथली माणसं रस्त्यावर आली. हरित वसई संरक्षण समितीच्या त्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. तेच पुढे ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या पट्ट्यात बांधकामावर मर्यादा आहेत. ‘वाडी विकणे आहे, एनए होईल’ अशी पाटी दिसली (एनए म्हणजे बिगरशेती) तर ‘होईल’ या शब्दावर बोट ठेवा. जमीन शेतीची असेल तर कूळकायद्यानुसार ती शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय घेताच येत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाची किंवा ४३ कलमाची (विक्रीवर निर्बंध) नोंद, आदिवासी खातेदार, वारसांचा वाद यांपैकी काही दिसलं तर वकिलाशिवाय एक पाऊलही पुढे नको. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही, मग विकणारा कितीही राजी असो.

किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, लागतात. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे गावठी, मोकळ्या किनारपट्टीत लोकवस्तीच्या दाटीनुसार भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. खाडीलाही वेगळी हद्द आहे. तिवरांच्या भोवती ५० मीटरात बांधकाम करायचं नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आहे आणि तो खासगी जमिनीलाही लागू आहे. ‘सी-व्ह्यू’ म्हणून विकला जाणारा रो-हाऊस नकाशावर या रेषांच्या कुठल्या बाजूला पडतो ते मोजणी नकाशा आणि किनारा व्यवस्थापन नकाशा शेजारी ठेवून तपासा. नुसत्या डोळ्यांना समुद्र नेहमी लांबच वाटतो.

शेवटी किल्ला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. (इथल्या चर्चमधल्या घंटा तेव्हा मराठ्यांनी नेल्या, मेणवली आणि भीमाशंकरला आजही दिसतात.) बाजीराव दुसऱ्याने ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह केला तोही इथेच. हा इतिहास गावातल्या घराच्या व्यवहारात थेट येतो, कारण किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, पुढचे २०० मीटर नियंत्रित. पहिल्या शंभर मीटरांत नवं घर बांधता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्तीसुद्धा राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ना-हरकतीनेच. पुढच्या दोनशेत बांधता येतं, पण तीच ना-हरकत लागते. तटाला लागून एखादं जुनं घर स्वस्तात मिळत असेल तर ते का स्वस्त आहे हे आता कळलं असेल. ‘वर एक मजला चढवू’ या बेताने ते घेऊ नका.

पाचवी पायरी: इमारतीचे कागद

आता माझं टोकन. इमारत नवी, लिफ्ट चालू, तीन कुटुंबं राहायलाही आलेली. बांधकाम परवानगी (सीसी) मागितल्यावर तिची झेरॉक्स मिळाली. घरी येऊन नीट वाचली तेव्हा मंजुरी चार मजल्यांची निघाली आणि माझा फ्लॅट होता पाचव्यावर. एजंट म्हणाला, ‘साहेब, नंतर रेग्युलराइज होतं सगळं.’ टोकनची पावती मी घेतली नव्हती.

बांधकाम सुरू करण्याची परवानगी म्हणजे सीसी. बांधून झाल्यावर महापालिका तपासून राहायला हरकत नाही म्हणते ती ओसी. वसई-विरारमध्ये सीसी असलेल्या पण ओसी नसलेल्या इमारती खूप आहेत आणि काहींकडे दोन्ही नाहीत. खोटे शिक्के मारलेल्या सीसीही फिरतात. तेव्हा झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. सीसीवरचा क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर टिपा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: या क्रमांकाची परवानगी दिली आहे का, किती मजल्यांची, ओसी दिली का. महिना गेला तरी चालेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. त्याआधी, १९९० पासून, इथली नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे होती. म्हणून २०००च्या सुमाराच्या इमारतीची परवानगी सिडकोची असायला हवी. त्या वर्षांच्या इमारतीला कोणी ‘ग्रामपंचायतीची परवानगी’ दाखवली तर सावध व्हा.

घरपट्टीची पावती हा मालकी किंवा कायदेशीरपणाचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही महापालिका कर लावते, वर शास्तीही लावते. पावतीवर ‘शास्ती’चा रकाना भरलेला दिसला तर घराबद्दल पालिकेचं काय मत आहे ते तिथेच कळलं. वीजमीटर आणि नळजोडणी यांचंही तेच. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२५च्या सुरुवातीला तिथे ढिगारे उरले होते. माणसं वर्षानुवर्षं राहत होती त्या घरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण गेले. ती इमारत जुनीपुराणी नव्हती, २०१२च्या सुमाराची होती. ‘सगळे राहतायत ना, मग आपणही राहू’ असं मनात आलं की या दोन जागा आठवाव्यात.

नोटरी केलेल्या कागदावर चाळीतली खोली कोणी देत असेल तर ती मालकी नव्हे. स्वस्त असते, गरजू माणूस घेतो, मला त्याला नावं ठेवायची नाहीत. पण बँक तिच्यावर कर्ज देत नाही, यातच काय ते समजा.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, मजले, जमिनीवरचं कर्ज आणि ताबा देण्याची तारीख स्वतः वाचा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकताच येत नाही. जुन्या सोसायटीत घेत असाल तर आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भागपत्र, सोसायटीची ना-हरकत आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का ते विचारा. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी तेच अडून बसतात. मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज सोसायटीने केला असेल तर त्याची प्रत मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीचा संरचना तपासणी अहवालही हवा.

वकील वसई कोर्टात काम करणारा आणि तुमचा स्वतःचा असावा. एजंटचा नको, बिल्डरचा तर नकोच. त्याने तीस वर्षांचा शोध घ्यावा, फेरफार वाचावेत, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी. जाता जाता: बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ आहेत असं नाही. बँकेकडे तुमचा पगार असतो. तुमच्याकडे फक्त घर.

सहावी पायरी: जुनं कौलारू घर हवं असेल तर

ओटा, पडवी, लाकडी माडी, मागे विहीर. गावात आणि वाड्यांत अशी घरं अजून आहेत आणि त्यावर जीव जडतो. मात्र विकणारा एक असला तरी मालक बहुधा पुष्कळ असतात. आजोबांच्या नावावरचं घर, सात मुलं, त्यांतली दोन आखातात, एक कॅनडात, एक गेलेली आणि तिची मुलं बोरिवलीत. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला मुलामुलींत सारखा. हिंदू कुटुंबातही मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. ‘बहिणींनी हक्क सोडलाय’ हे वाक्य तोंडी चालत नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. परदेशातल्या वारसाचं मुखत्यारपत्र असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालंय का आणि इथे मुद्रांकित केलंय का ते बघा.

एक वारस कमी पडला म्हणून झालेला व्यवहार दहा वर्षांनी कोर्टात गेल्याचं मी शेजारच्या गल्लीत बघितलंय. घर उभं आहे, कौलं फुटलीत, विहिरीत पिंपळ उगवलाय, आणि दोन्ही पक्ष तारखा घेतायत.

गावठाणातल्या घराला सातबारा नसेल तर मालमत्ता पत्रक मागा आणि त्यावरचं क्षेत्रफळ फीत लावून मोजा. वहिवाटीची वाट कोणाच्या वाडीतून जाते, विहिरीवर कोणाचा वाटा आहे, हेही लिहून घ्या.

सातवी पायरी: पैसे

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांतली जी जास्त तिच्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. ओसी मिळाल्यावर घेतलं तर शून्य. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं. रोख ‘वरचे’ मागणारा असेल तर नमस्कार करून निघा.

आठवी पायरी: राहायला आल्यावर

पाण्याचं उत्तर घर घेण्याआधीच मिळवायला हवं. शहराला मुख्य पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून येतं. रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेतला १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा आहे. पण धरणातलं पाणी आणि तुमच्या नळातलं पाणी यांच्यात सोसायटीची जोडणी आडवी येते. सेक्रेटरीला गोड बोलून गेल्या मे महिन्यातली टँकरची बिलं दाखवायला सांगा. बिलं नाहीत म्हणाला तर बरं, दाखवत नाही म्हणाला तर समजून घ्या. बोअरचं पाणी जिभेवर ठेवून बघा. मचूळ असेल तर गीझर, नळ आणि केस, तिघांनाही त्रास.

खारा वारा लोखंड खातो. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरांत खिडक्यांना साध्या लोखंडी जाळ्या बसवू नका. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम घ्या. एसीचं बाहेरचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. मेच्या शेवटी गच्चीच्या पन्हळी साफ करा, पश्चिमेच्या खिडक्यांवर झडप लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये कोटावर बुरशी.

शेजाराबद्दल थोडं. पाचूबंदर, किल्लाबंदरला मासळी वाळते आणि तिचा वास येतो. कोळीवाडा तुमच्या आधी चारशे वर्षं तिथे आहे, तक्रार करून हसं होईल. लग्नसराईत रात्री बँड वाजतो. डिसेंबरात वाड्यांतून नाताळचे गोठे आणि चांदण्या लागतात, बघायला मुलांना घेऊन जा. सामवेदी शेजारी आपसात जे बोलतात ते मराठीच आहे, दोन महिन्यांत कान सरावतो. आगाशीची सुकेळी (सुकवलेली केळी) बाहेरच्या पाहुण्याला भेट म्हणून चांगली. पण दुकानातून घेण्याआधी वाडीवाल्याची ओळख काढा. भाजी पहाटे स्टेशनकडे निघालेल्या बायकांकडून घ्या. तीच भाजी तासाभराने दादरला दुप्पट भावाने मिळते.

ताबा मिळाला की त्याच महिन्यात तीन कामं करा: सूची क्रमांक दोनची (‘इंडेक्स टू’, नोंदणीचा उतारा) प्रत, महावितरणच्या मीटरवर नाव आणि घरपट्टीत नावबदल. नंतर करू म्हटलं की मागच्या मालकाची थकबाकी आपली होते.

सामान आणायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, टेम्पो पहाटे पाचला निघेल असा. शनिवारी सकाळी अहमदाबाद महामार्गावर निघालात तर गॅसची शेगडी दुपारी तीनलाही वर्सोव्याच्या पुलावरच असेल, आणि नव्या घरातला पहिला चहा शेजारच्यांकडे प्यावा लागेल.